रेडिंगच्या ॲबीत मोडक्या भिंतींशिवाय काय आहे?

प्रश्न असा होता: "आई-बाबा जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी इंग्लंडला येताहेत. आम्ही रेडिंगजवळ राहतो. बाबांनी सह्याद्रीतले बरेच किल्ले पायी केलेत, आता मात्र गुडघे कुरकुरतात. गावातल्या ॲबीचे अवशेष त्यांना दाखवावेत का? ओळखीचे सगळे म्हणतात, तिथे मोडक्या भिंती सोडून काही नाही, त्यापेक्षा विंडसरला न्या."

दाखवा. आणि विंडसरच्या आधी दाखवा. का ते पुढे येईलच.

माझं काम जुन्या दगडी बांधकामांच्या डागडुजीचं. पुण्यात चुन्यातले वाडे दुरुस्त करत शिकलो आणि गेली सोळा वर्षं इकडे बर्कशायरच्या आसपास तेच करतोय. रेडिंग ॲबीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती मठाच्या, दुरुस्तीत माझा हात नव्हता. पण घरी पाहुणे आले की माझी पहिली चक्कर तिकडेच असते, त्यामुळे तिथे माणसं कुठे रमतात आणि कुठे जांभया देतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुमच्या ओळखीचे म्हणतात ते खरं तर कमीच आहे. तिथे मोडक्या भिंतीसुद्धा नाहीत. जे उभं आहे ते भिंतींचं पोट आहे. एवढं एक कळलं की जागा बोलायला लागते, नाही कळलं तर दहा मिनिटांत फोटो काढून माणसं कॉफी शोधायला निघतात.

बाराव्या शतकातली इकडची मोठी भिंत बांधायची रीत अशी. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधल्या जागेत चकमकीच्या दगडांचा आणि चुन्याचा भराव. बाबांना हे नवीन नाही. तटबंदीचे दर्शनी चिरे निखळले की आत जो दगडगोट्यांचा भराव दिसतो तो त्यांनी किल्ल्याकिल्ल्यावर पाहिला असेल. रेडिंगला फक्त तेवढंच उरलंय, आणि तेही काही ठिकाणी दोन-तीन मजल्यांच्या उंचीचं. चिरे जवळजवळ सगळे गेले. पडून नव्हे, काढून नेले.

का नेले याचं उत्तर जमिनीत आहे. हा सगळा पट्टा खडूच्या दगडाचा. खडू मऊ, बांधकामाला फारसा कामाचा नाही. त्या खडूत चकमकीचे गोटे सापडतात, ते लोखंडासारखे कठीण, पण वेडेवाकडे, मुठीएवढे किंवा नारळाएवढे. ते फोडता येतात, पण त्यांचे चिऱ्यासारखे मोठे चौकोनी ठोकळे करता येत नाहीत. त्यामुळे घडाईचा दगड बाहेरून आणावा लागे. या मठासाठी काही दगड फ्रान्समधल्या कां शहराजवळून समुद्रमार्गे आणि मग थेम्स नदीतून आला, काही ऑक्सफर्डशायरमधल्या टेंटनच्या खाणीतून. अशा मुलखात तयार घडीव दगडाचा ढीग बेवारशी पडला तर काय होणार? आपल्याकडे पावलोपावली काळा फत्तर असूनही पडक्या वाड्याचे चिरे एका पावसाळ्यात गायब होतात. इथे तर घडीव दगड ही दुर्मीळ चीज होती. लोकांनी चिरे नेले, छपराचं शिसं आधीच गेलं होतं, आणि चकमक कुणालाच नको होती म्हणून ती तिथेच राहिली.

त्यातले काही दगड विंडसरला गेले. मेरी राणीच्या काळात, १५५०च्या दशकात, विंडसर किल्ल्याच्या खालच्या चौकात निवृत्त गरीब योद्ध्यांसाठी घरं बांधली, त्याला रेडिंग ॲबीचा दगड वापरला. गावातल्या सेंट मेरी चर्चची त्याच सुमारास दुरुस्ती झाली, तिथेही हाच माल गेला. म्हणून म्हटलं, आधी रेडिंग आणि मग विंडसर. पोट इथे बघायचं आणि पाठीवरचं कातडं कुठे गेलं ते तिकडे बघायचं.

आता बाबांना आवडेल तो भाग, राजांचा.

हेन्री पहिला हा विल्यम द काँकररचा धाकटा मुलगा. नोव्हेंबर ११२० मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून इंग्लंडकडे निघालेलं 'व्हाइट शिप' नावाचं जहाज बंदराबाहेर पडताच खडकावर आपटून बुडालं. त्यात हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम बुडाला. आणि जून ११२१ मध्ये हेन्रीने रेडिंगला हा मठ स्थापन केला. दोन घटनांत सात महिन्यांचं अंतर. संबंध जोडायचा की नाही हे इतिहासकार बघून घेतील, मला तिथे उभं राहिलं की जोडल्यावाचून राहवत नाही. जागा मात्र पुरती हिशेबी माणसाने निवडलेली आहे. केनेट नदी थेम्सला मिळते त्या संगमापाशी, लंडनहून पश्चिमेला जाणाऱ्या वाटेवर. मुक्कामाला येणारे राजे, यात्रेकरू, दगडाच्या नावा, सगळ्यांच्या सोयीचं. सुरुवातीचे संन्यासी फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठातून आणि इंग्लंडमधल्या लुईसहून आणवले.

डिसेंबर ११३५ मध्ये हेन्री नॉर्मंडीत वारला. लॅम्प्रे नावाचा, वामीसारखा दिसणारा मासा वैद्याने मना केलेला असताना खाल्ला, आणि त्यातच गेला, असं त्या काळच्या हेन्री ऑफ हंटिंगडन या बखरकाराने लिहून ठेवलंय. पुढचं वर्णन जेवताना वाचू नका. आतडी वगैरे रुआँजवळच्या चर्चमध्ये पुरली, उरलेल्या देहाला मीठ चोळून बैलाच्या कातड्यात शिवलं, आणि वारा पडेपर्यंत किनाऱ्यावर ताटकळून जानेवारी ११३६ मध्ये तो देह रेडिंगला आणून मुख्य वेदीसमोर पुरला. तेव्हा चर्च अजून बांधून व्हायचं होतं. ते पवित्र करण्याचा सोहळा झाला ११६४ मध्ये, कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या हातून. बेकेट आणि राजा दुसरा हेन्री यांचं तेव्हा बिनसायला लागलं होतं, तरी दोघे या एकाच छताखाली उभे होते.

राजाची कबर आज कुठे आहे? वर काही नाही. चर्च जवळजवळ ४५० फूट लांब होतं. त्याचा वेदीकडचा भाग आता शेजारच्या शाळेच्या आणि जुन्या तुरुंगाच्या आवाराखाली येतो. लेस्टरला २०१२ मध्ये मोटारींच्या पार्किंगखाली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडल्यापासून रेडिंगकरांनाही आशा लागून राहिली आहे, २०१६ मध्ये जमिनीखाली रडारने तपासणी झाली. कबरीचं जे काही आहे ते गावकऱ्यांच्या बोलण्यात आणि फोर्बरी बागेतल्या मोठ्या दगडी क्रूसात. तो क्रूस १९०९ चा, त्याला समाधी समजून फूल वाहू नका.

मठाचा शेवट वाईट झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करायला घेतले तेव्हा इथला मठाधिपती होता ह्यू फॅरिंग्डन. राजाच्या उठबशीतला माणूस. पण चर्चचा प्रमुख पोप की राजा या प्रश्नावर तो राजद्रोही ठरला, आणि १४ नोव्हेंबर १५३९ रोजी त्याला रेडिंगमध्येच फासावर चढवून त्याच्या देहाचे तुकडे केले. चॅप्टर हाऊसच्या भिंतीवर दोन शिलालेख आहेत, एक पहिल्या मठाधिपतीचा आणि एक शेवटच्याचा. दोघांचंही नाव ह्यू.

याच चॅप्टर हाऊसमध्ये बाबांना बसवा आणि घाई करू नका. ही मठाच्या सभेची जागा. रोज सगळे संन्यासी जमायचे, नियमातला एक भाग वाचला जायचा, कुणाचं काय चुकलं त्याची जाहीर कबुली व्हायची. पूर्वेकडची बाजू अर्धवर्तुळाकार, पश्चिमेला मधे दार आणि दोन्ही बाजूंना मोठी भोकं, म्हणजे खिडक्या. छप्पर नाही. खाली गवत.

आता भिंतीच्या हातभर जवळ जा. चकमकीचे गोटे दिसतील. काही अख्खे, पांढुरक्या सालीचे, काही फुटलेले, आतून काळेभोर आणि काचेसारखे. ते कसेही फेकलेले नाहीत. थोडं मागे सरून डोळे बारीक केले की आडव्या ओळी दिसतात. गवंड्यांनी भराव थराथराने भरला, एक थर घातला, चुना धरू दिला, मग वरचा. काही ओळींत गोटे तिरपे ठेवलेत, पुढच्या ओळीत उलट तिरपे, माशाच्या काट्यासारखे. वर्षानुवर्षं चाललेल्या कामात हात बदलले की ओळीही बदलतात. जरा शोधलंत तर एका पातळीत, ठरावीक अंतरावर चौकोनी खोल भोकंही सापडतील. ती परांचीची. लाकडी वासे भिंतीत खुपसून त्यांच्यावर फळ्या टाकायच्या आणि काम वर नेत जायचं. बाबांना सांगा, ते लगेच त्यांनी पाहिलेल्या कुठल्यातरी तटाचं नाव घेतील.

आणि चुना बघा. हात लावायला हरकत नाही, नख लावू नका. त्यात वाळूचे, खडीचे, मधेच न भिजलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट न मळलेल्या घाण्याची ती खूण आहे. मला त्या आळशी माणसाबद्दल दर वेळी आपुलकी वाटते.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. हे अवशेष २००९ मध्ये बंद केले होते, कारण वरून दगड सुटून पडायला लागले. मोठी दुरुस्ती झाली आणि जून २०१८ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडले. अशा भिंतींचा शत्रू पाऊस नव्हे, पाऊस आणि थंडी मिळून. घडीव दगडाचा पदर होता तोवर भराव कोरडा राहायचा. पदर गेला, भराव उघडा पडला, पाणी आत मुरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना फुगतं आणि एकेक गोटा बाहेर ढकलतं. त्यावर मागच्या शतकात ठिकठिकाणच्या लोकांनी उपाय केला तो सिमेंटचा. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, आणि ते पाणी सोडत नाही. आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, मग सिमेंटची दरज शाबूत राहते आणि शेजारचा दगड सुटतो. उमेदवारीच्या काळात मी एका वाड्याच्या जोत्याला साहेबांच्या सांगण्यावरून सिमेंटच्या दरजा भरल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात दर्शनी दगडाचे पोपडे हातात आले. ते साहेब अजूनही सिमेंटच वापरतात असं ऐकतो. आता इकडे अशा कामात चुनाच वापरतात, आणि भिंतींच्या डोक्यावर कित्येकदा मातीचा आणि गवताचा थर देतात. गवत पाणी पितं, थंडीत दुलईचं काम करतं. त्यामुळे जुन्या भिंतीवर गवत दिसलं की कुणाचं लक्ष नाही असं लगेच समजू नका.

त्याच चॅप्टर हाऊसमध्ये एका शिळेवर सुरावटीसकट एक गाणं कोरलंय. उन्हाळा आला, कोकिळा ओरड, अशा अर्थाचं. तेराव्या शतकातलं हे इंग्रजी गाणं, एकामागून एक आवाज शिरत सहा आवाजांत गायचं. त्याचं हस्तलिखित या मठाशी जोडलं जातं आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चैत्रातल्या कोकिळेवर वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. आईंना गाण्याची आवड असेल तर फोनवर आधी ऐकवा आणि मग शिळेसमोर उभं करा.

दक्षिणेकडे, नदीच्या बाजूला, संन्याशांच्या झोपायच्या दालनाचे आणि शौचकूपांचे अवशेष आहेत. खालून वाहतं पाणी न्यायची सोय होती. मुलं बरोबर असतील तर इथे सर्वांत जास्त वेळ जातो, कारण मुलांना राजापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. पुढे होली ब्रूक नावाच्या ओढ्यावर मठाच्या गिरणीची एक कमान उरलीय, जाता जाता बघा.

आता सिंह. फोर्बरी बाग ही मठाच्याच बाहेरच्या आवाराची जागा, अवशेषांना लागून. मधोमध एक प्रचंड ओतीव लोखंडी सिंह आहे, १८८६ मध्ये बसवलेला, नाकापासून शेपटापर्यंत सुमारे ३१ फूट, वजन १६ टन. शिल्पकार जॉर्ज सायमंड्स. सिंहाची पावलं चुकीची पडली म्हणून त्याने जीव दिला असं गावात कुणीही सांगेल. खोटं आहे, तो पुढे चाळीसेक वर्षं जगला.

हा सिंह आहे मैवंदचा. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद इथे अयूब खानाच्या फौजेने इंग्रजांच्या एका ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्यात बर्कशायरची ६६वी रेजिमेंट होती, म्हणून स्मारक इथे. चौथऱ्यावर त्या मोहिमेत गेलेल्या ३२९ जणांची नावं आहेत, सगळी ६६व्या रेजिमेंटची. पण ब्रिगेडमध्ये या गोऱ्या पलटणीपेक्षा कितीतरी जास्त शिपाई होते मुंबई इलाख्याच्या लष्कराचे. पहिली बाँबे ग्रेनेडियर्स, ३०वी बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे जेकब्ज रायफल्स, तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी, सिंध हॉर्स, आणि ज्यांचं केंद्र आज खडकीला आहे त्या बाँबे सॅपर्सची तुकडी. सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेतले नऊशेहून जास्त त्या एका दिवसात गेले. शिपायांची नावं या सिंहाखाली नाहीत. मी पाहुण्यांना नेहमी एक फेरी घालून सगळी नावं वाचायला लावतो, आणि मगच बाकीच्या पलटणींची नावं सांगतो. आधी सांगितलं तर कुणी चौथरा वाचत नाही.

ॲबीच्या जुन्या फाटकाकडे पाच मिनिटं पुरतील. अठराव्या शतकात तिथे मुलींची शाळा होती आणि जेन ऑस्टिन १७८५-८६ मध्ये तिथे शिकली, एवढं सांगायला ठीक. फाटक १८६१ मध्ये कोसळलं आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने ते पुन्हा उभं केलं, त्यामुळे बरंचसं व्हिक्टोरियन आहे. स्कॉट म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा. मुंबईला तो एकदाही आला नाही. रेडिंगचा तुरुंगही त्याचाच आणि त्याच्या भागीदाराचा, १८४४ चा, चर्चच्या पूर्व टोकाला खेटून. लेखक ऑस्कर वाइल्ड त्याच तुरुंगात होता. आत जाता येत नाही, भिंत बाहेरून दिसते.

क्रमाचं राहिलं. बहुतेक जण अवशेष बघतात आणि पाऊस आला तर म्युझियममध्ये शिरतात. तुम्ही उलटं करा. स्टेशनच्या जवळच टाऊन हॉलमध्ये रेडिंग म्युझियम आहे, प्रवेश मोफत. तिथल्या ॲबीच्या दालनात अर्धा तास काढा. ज्या घडीव दगडांबद्दल मी इतकं लिहिलं त्यातले थोडे इथे आहेत. मठाच्या ओवरीतल्या खांबांची कोरीव शीर्षं, त्यातली काही थेम्सकाठी सॉनिंगच्या आसपास सापडलेली. एकावर मेरीला मुकुट घालतानाचा प्रसंग आहे. कमानीच्या दगडांवर पक्ष्यांची डोकी कोरलीत, चोच खालच्या गोल पट्टीत रोवून बसलेली. ती कारागिरी डोळ्यांत भरून घेतली की दहा मिनिटं चालून अवशेषांत पोचल्यावर त्या उघड्या भरावावर मन आपोआप चिरे चढवायला लागतं. उलट क्रमाने गेलं तर हे घडत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय.

त्याच म्युझियममध्ये बायो टेपेस्ट्रीची पूर्ण लांबीची नक्कल आहे. हेन्रीच्या बापाने इंग्लंड कसं जिंकलं त्याची भरतकामातली कथा, सुमारे सत्तर मीटर. स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावच्या बायकांनी १८८५-८६ मध्ये ती भरली. मुळात काठावर काही उघडी माणसं आहेत, व्हिक्टोरियन नकलेत त्यांना चड्ड्या चढवल्या आहेत. आईंना टाक्यांसाठी दाखवा, मुलांना चड्ड्यांसाठी.

मठातल्या एका अवशेषासाठी मात्र गाव सोडावं लागतं. हेन्रीची मुलगी मटिल्डा, जर्मन सम्राटाची विधवा, तिने संत जेम्सचा हात जर्मनीहून आणला आणि तो इथे ठेवला गेला. त्यासाठी यात्रेकरू यायचे, मठाच्या चिन्हातले तीन शिंपले त्याच संताचे. मठ बुडाला तेव्हा हात नाहीसा झाला. १७८६ मध्ये कामगारांना अवशेषांच्या भिंतीत एक वाळलेला हात सापडला, तो आता मार्लोच्या कॅथलिक चर्चमध्ये आहे. तोच तो हात का, हे श्रद्धेवर सोडा.

गुडघ्यांची काळजी करू नका. जमीन सपाट आहे, चढ नाही, अवशेषांना तिकीट नाही. पॅडिंग्टनहून जलद गाडी पंचवीसेक मिनिटांत येते, म्हणजे लंडनचे नातेवाईकही सहज येतील. गावाचं नाव मात्र 'रेडिंग' असं म्हणा. स्पेलिंगवरून 'रीडिंग' म्हणालात तर स्टेशनवरचा माणूस पुस्तकांच्या दुकानात पाठवेल. म्युझियमच्या सुट्टीचे वार आधी बघून घ्या आणि डबा बरोबर घ्या, सिंहाजवळच्या बाकांवर पोळीभाजी खायला जूनमध्ये झकास हवा असते. सकाळी दहाच्या आत गेलात तर तिरपं ऊन भिंतींवर पडतं आणि थरांच्या ओळी ठळक दिसतात, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात सगळं एकसारखं करडं दिसतं.

अवशेष उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतच उघडे असतात. जूनमध्ये त्याने काही बिघडत नाही, रात्री नऊनंतरही उजेड असतो. माझी फजिती नोव्हेंबरात झाली होती. पुण्याहून आलेल्या आठ जणांना म्युझियममध्ये रमवलं, मग चहा पाजला, आणि चारनंतर पोचलो तर अंधार पडून फाटक बंद. गजांतून टॉर्च मारून दाखवलेल्या भिंती त्यांच्या अजून लक्षात आहेत, पण फोटो एकही धड आला नाही. पुढच्या खेपेला आई-बाबा हिवाळ्यात आले, तर जेवण उरकून लगेच निघा.